कॉम्पॅक्ट ऑक्सफर्ड डिक्शनरी (१९७१, दोन खंड): रोजच्या वापरानंतर

जुन्या इंग्रजीसाठी कुठला कोश घ्यावा, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरत आणि राजापूरच्या इंग्रज वखारींमधली सतराव्या शतकातली पत्रं मराठीत आणण्याचं माझं काम चालू आहे. त्यासाठी हा सेकंडहँड संच गेले काही महिने जवळपास रोज उघडला जातोय. खोक्याचा कोपरा फाटलाय, बाकी माल ठणठणीत.

आधी वस्तूबद्दल. मूळ कोश १८८४ ते १९२८ असा हप्त्याहप्त्याने निघाला आणि १९३३ मध्ये बारा खंड आणि एक पुरवणी अशा रूपात पुन्हा छापला गेला. तेच सगळं इथे बारीक करून, मूळची चार पानं एका पानावर बसवून दिलंय. सोबत खोक्याच्या छोट्या ड्रॉवरमध्ये भिंग. मूळ पानाला तीन रकाने, म्हणजे नजरेसमोर आडवे सहा. तिसरा रकाना संपला की खाली न उतरता शेजारच्या चौकटीत वर चढायचं, ही सवय लागायला वेळ जातो. टेबललॅम्प लागतोच. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांची मान दुखणार, हेही सांगून ठेवते.

एवढा खटाटोप कशासाठी? अनोळखी शब्दांचं काही नाही, ‘सेनाइट’ म्हणजे आठवडा किंवा ‘मॉइटी’ म्हणजे निम्मा हिस्सा हे कुठलाही बरा कोश सांगतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. ‘प्रेझेंटली’ आज अनेक जण ‘सध्या’ या अर्थाने वाचतात. सतराव्या शतकातल्या पत्रात तो बहुधा ‘ताबडतोब’ असतो आणि ‘थोड्या वेळाने’ हा अर्थही त्याच सुमारास रुजत होता. जहाज ताबडतोब सुटलं की थोड्या वेळाने, यावर पुढचा सगळा मजकूर फिरतो. ‘डिस्कव्हर’चंही तसंच, तिथे कुणी काही शोधत नाही, लपलेलं उघड करतो. ‘प्यून’ दिसला की डोळ्यांपुढे सरकारी कचेरीतला शिपाई येतो, पण त्या काळी तो हत्यारबंद प्याद्यालाही म्हणत. ‘रायटर’ हा कंपनीचा सर्वात खालचा कारकून, त्याच्या वरचा ‘फॅक्टर’, आणि फॅक्टर राहतात ती फॅक्टरी. आपल्या इतिहासकारांनी तिला कारखाना न म्हणता वखार म्हटलं, हे किती बरं झालं!

इथे हा कोश कामाला येतो, कारण प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळातली वाक्यं सालासकट आणि सालवार क्रमाने दिलेली आहेत. मी अर्थ वाचतच नाही आधी, सालं बघते. १६५० ते १६९० मधली वाक्यं कुठल्या अर्थाखाली आहेत ते पाहिलं की अर्धं काम होतं. वापरातून गेलेल्या शब्दाला किंवा अर्थाला कट्यारीसारखं चिन्ह असतं, तेही झटकन दिसतं.

घरच्यांना दाखवायला माझा आवडता शब्द ‘लेट’ (let). टेनिसमध्ये सर्व्ह जाळ्याला घासली की ऐकू येणारा. त्याचा जुना अर्थ अडथळा. आपल्या पासपोर्टच्या आत राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरात तो अजून जिवंत आहे: ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’. शेजारच्या हिंदी मजकुरात साधं ‘बिना रोक-टोक’.

उणिवा आहेत. व्युत्पत्ती शंभर वर्षांपूर्वीच्या, काही ठिकाणी आता मोडीत निघालेल्या. ‘बॉण्डमेड’ हा शब्द तर मूळ कामात त्याच्या नोंदींच्या चिठ्ठ्या हरवल्यामुळे राहूनच गेला होता, तो पुरवणीत, म्हणजे दुसऱ्या खंडाच्या शेवटाकडे शोधावा लागतो. आपल्याकडच्या शब्दांसाठी मी अजूनही १८८६चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश उघडते. तो इंटरनेटवर फुकट आहे आणि जास्त गप्पिष्ट आहे. ऑक्सफर्डची सुधारित आवृत्तीही ऑनलाइन आहे, पण वर्गणी भरावी लागते. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयातून ती वापरायला मिळत असेल तर हा संच घेऊच नका.

घ्यायचाच असेल तर दोन्ही खंडांची शिवण तपासा. ड्रॉवरमध्ये भिंग नसेल तर किंमत पाडून मागा आणि पानावर टेकवून सरकवता येईल असं दुसरं घ्या. दांडीचं गोल भिंग हातात धरून दहा मिनिटांत मनगट भरून येतं.