बल्गेरियातील 'पहिली भेट': दत्तकापूर्वीच्या प्रवाससेवेचे परीक्षण

परदेशातून मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी आमची अमेरिकेतील दत्तक संस्था बल्गेरियात 'पहिली भेट' नावाची सेवा देते. सोफियाच्या विमानतळावर उतरून घेण्यापासून नोटरीसमोर होणाऱ्या सह्यांपर्यंत गाडी, निवास, दुभाषी आणि सरकारी गाठीभेटी असे सर्व काही तीत येते. आम्ही अमेरिकेत राहतो; मार्च 2025 मध्ये मी आणि माझे पती या सेवेतून साडेसहा वर्षांच्या एका मुलाला भेटून आलो. या वाटेने जाणाऱ्या मराठी कुटुंबांना नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मुलाचे नाव, त्याचे गाव आणि संस्थेचे नाव मी देणार नाही, कारण न्यायालयाचा निकाल अजून यायचा आहे आणि ती गोष्ट आधी त्या मुलाची आहे.

भारत सोडून बल्गेरिया का, हा प्रश्न आम्हाला प्रत्येकाने विचारला. भारतातील दत्तकाचे काम पाहणाऱ्या 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या 2022 च्या नियमावलीनुसार चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज 100 पेक्षा जास्त चालत नाही, आणि आमची बेरीज 103 होते. बल्गेरियात वयाची वरची अट नाही. दत्तक घेणारी व्यक्ती मुलापेक्षा किमान 15 वर्षांनी मोठी असावी, एवढेच तिथला कायदा सांगतो. बल्गेरिया आणि अमेरिका हे दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या 1993 च्या हेग करारात आहेत, त्यामुळे सगळे कामकाज तिथल्या न्याय मंत्रालयामार्फत चालते. प्रवास दोन करावे लागतात. पहिल्या प्रवासात मुलाबरोबर किमान पाच दिवस प्रत्यक्ष घालवल्यानंतरच संमतीच्या कागदांवर सही करता येते. त्यानंतर काही महिन्यांनी सोफिया शहर न्यायालय निर्णय देते आणि मग मुलाला घरी आणण्यासाठी दुसरा प्रवास करावा लागतो.

निघण्यापूर्वी पुण्याहून फोन येत होते. "मूल पाहायला कधी जाताय?" असे एका मावशींनी विचारले, आणि परत आल्यावर दुसऱ्या एका नातेवाइकांनी "पसंत पडलं का?" असेही विचारले. विचारणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. परंतु पोह्यांच्या बशीसमोर मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ज्या भाषेत व्हायचा, तीच भाषा एका लहान मुलाच्या वाट्याला यावी याचे मला फार वाईट वाटले. त्या पाच दिवसांत परीक्षा असलीच तर ती आमची असते. दोन अनोळखी माणसे आपल्या बोलण्याचालण्यात कशी आहेत, हे त्या मुलाला पाहता यावे यासाठी ते दिवस असतात. म्हणून या सेवेतील प्रत्येक गोष्टीकडे मी एकाच प्रश्नातून पाहिले: हे मुलाच्या सोयीने आखले आहे की आमच्या?

या कसोटीवर वेळापत्रक अगदी सुरुवातीलाच नापास झाले. संस्थेने आमची पहिली भेट सोमवारी, 3 मार्चला ठेवली होती. ऑटोमन सत्तेतून मुक्त झाल्याचा दिवस म्हणून 3 मार्चला बल्गेरियात राष्ट्रीय सुट्टी असते, सरकारी कार्यालये बंद असतात आणि मूल राहते त्या बालकेंद्रातील मानसोपचारतज्ज्ञही रजेवर असतात. दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणारी ही सुट्टी, ज्यांचे कामच त्या देशात चालते त्यांच्या लक्षात येऊ नये, याचे समर्थन होऊ शकत नाही. भेट मंगळवारवर गेली, पाचवा दिवस शनिवारी 8 तारखेला आला आणि परतीची तिकिटे बदलण्याचा भुर्दंड आम्हाला पडला. पैशांचे दुःख मी विसरले असते. पण "सोमवारी पाहुणे येणार" असे केंद्रात त्या मुलाला आधीच सांगून झाले होते. तो दिवसभर खिडकीशी बसून होता, हे आम्हाला नंतर कळले.

फाइलबद्दलही तक्रार आहे. मुलाची वैद्यकीय माहिती चौदा महिन्यांपूर्वीची होती. अमेरिकेतील ज्या बालरोगतज्ज्ञांनी ती वाचली, त्यांनी ताजी उंची, वजन आणि डोक्याचा घेर मागितला. केंद्रातील परिचारिकेने उंची आणि वजन लगेच दिले. डोक्याचा घेर मात्र आम्हीच शिंप्याच्या फितीने घेतला. आधी माझ्या पतींचे डोके मोजले, मग माझे, मग दुभाषीबाईंचे, आणि तोपर्यंत फीत त्या मुलाने स्वतःकडे घेतली होती. त्याने टेबल मोजले, चेंडू मोजला, स्वतःचा बूट मोजला आणि शेवटी आपले डोके पुढे केले. आकडा त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवला. हे काम हसतखेळत झाले, पण ते संस्थेने आधीच करून घ्यायला हवे होते.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दुभाषी. साधारण पन्नाशीच्या या बाई पूर्वी शाळेत शिकवत होत्या. त्यांचे काम मी पाच दिवस जवळून पाहिले आणि दुभाषी किती फरक घडवू शकतो हे प्रथमच समजले. त्या आमच्या आणि मुलाच्या मध्ये कधीच बसल्या नाहीत. त्या मुलाच्या थोड्या मागे, खाली गालिच्यावर बसत, म्हणजे तो बोलताना त्याची नजर आमच्याकडेच राही. "तो म्हणतो की" असे न म्हणता त्या थेट "मला भूक लागली आहे" असेच बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक वाक्य भाषांतरित केले, दुसऱ्या दिवशी निम्मी, आणि चौथ्या दिवशी मी मदतीसाठी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या शांतपणे खिडकीबाहेर पाहत होत्या. त्याने बोट दाखवून मला काय हवे ते समजावले आणि मला ते समजले. आम्ही नेलेल्या फोटोंच्या वहीत प्रत्येक चित्राखाली बल्गेरियन ओळ लिहून देण्याचे कामही त्यांनी आदल्या रात्री बसून केले. ते त्यांच्या करारात नव्हते.

दुभाषीबाई खोलीबाहेर गेल्या की काय होते, याचा धडा पहिल्याच दिवशी मिळाला. केंद्रप्रमुखांनी त्यांना दोन मिनिटे बोलावले होते. माझ्या पतींनी चेंडू पुढे करून पाठ केलेल्या बल्गेरियनमध्ये "खेळायचं?" असे विचारले. मुलाने मान डावीकडे-उजवीकडे हलवली. नको असेल असे समजून त्यांनी चेंडू पिशवीत ठेवला, आणि त्या मुलाचा चेहरा एकदम उतरला. बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात आणि नकारासाठी उभी. तो हो म्हणत होता, आणि आम्ही त्याच्या होकाराला नकार समजून खेळणे काढून घेतले होते. दुभाषीबाई परत आल्यावर उलगडा झाला आणि चेंडू बाहेर निघाला, पण त्या दोन मिनिटांचे मला आजही वाईट वाटते. संस्थेच्या चाळीस पानी मार्गदर्शिकेत हॉटेलात किती बक्षिशी द्यावी हे आहे, हे मात्र नाही.

मराठी माणसांना तिथे आणखी एक अडचण येते, आणि ती गोड आहे. बल्गेरियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी. मी पतींकडे बोट दाखवून "बाबा" म्हटले, तेव्हा तो मुलगा गालिच्यावर अक्षरशः लोळून हसला आणि मिशा असलेली ही आजी दाखवायला त्याने शेजारच्या खोलीतून दोन मित्रांना ओढून आणले. वडिलांना तिथे 'तात्को' म्हणतात, हाक मारताना 'ताते'. माझ्या पतींच्या आजोबांना सगळे घर तात्या म्हणत असे. तेव्हा तात्या हेच नाव ठरले आणि दोन्ही बाजूंना ते सहज जमले.

फाइलमध्ये मूल रोमा समाजाचे असल्याची नोंद होती. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले आणि त्यांची रोमानी भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे, हे मी वाचले होते. पण वाचणे आणि ऐकणे यांत फरक असतो. चार वर्षांचा होईपर्यंत तो मुलगा आजीजवळ वाढला होता, आणि तिच्या घरची भाषा रोमानी होती. केंद्रात सगळे बल्गेरियन बोलतात, त्यामुळे ती त्याच्या तोंडून जवळजवळ गेली आहे. तिसऱ्या दिवशी अंगणात धावून तो धापा टाकत आला आणि माझ्या बाटलीकडे हात करून म्हणाला, "पानी." मी बाटली देऊन टाकली, आणि नंतर माझ्या लक्षात आले की यासाठी कोणी भाषांतर केले नव्हते. मग मी नाकाला बोट लावून "नाक" म्हटले, कानाला हात लावून "कान" म्हटले. त्याने माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिले. नंतर आपल्या केसांना हात लावून हळूच म्हणाला, "बाल." बोटांवर मोजताना त्याचे 'दुई' आणि 'पांज' ऐकून माझे पती उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने डोळे पुसून आत आले.

रोमा मुलांच्या फाइलमध्ये ही नोंद असते, आणि अनेक संस्था तिच्यावरून घाईने पुढे जातात. भारतीय कुटुंबाला मूल सुचवताना निदान एवढे तरी कोणी सांगायला हवे होते, म्हणजे आम्ही पन्नास शब्द शिकून गेलो असतो. त्या मुलाच्या आजीची भाषा त्याच्याकडून जाऊ नये, ही जबाबदारी आता आमची आहे.

केंद्रातील मानसोपचारतज्ज्ञांना मी पूर्ण गुण देईन. मोठ्या भेटवस्तू आणू नका, दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका, आणि निरोप घेताना परत येण्याची तारीख सांगू नका, कारण न्यायालयाची तारीख आपल्या हातात नसते आणि मोडलेला शब्द मूल विसरत नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले होते. शेवटचा दिवस 8 मार्च, महिला दिन, होता. बल्गेरियात या दिवशी मुले आईला आणि शिक्षिकांना फुले देतात. केंद्रातल्या मुलांनी कागदाची फुले केली होती. आमच्या मुलाने आपले फूल मला दिले नाही. रोज रात्री त्याला झोपवणाऱ्या काळजीवाहू बाईंना दिले. दुभाषीबाईंनी चटकन माझ्याकडे पाहिले, मला लागले असेल असे त्यांना वाटले. मला उलट हायसे वाटले. ज्या मुलाला कोणाला तरी मनापासून फूल द्यावेसे वाटते, त्याच्यावर कोणी तरी माया केलेली असते. त्या बाईंचा पत्ता मी लिहून घेतला आहे.

निवास प्लोवदिवमधल्या एका फ्लॅटमध्ये होता, स्वच्छ, स्वयंपाकघरासह. शाकाहारी माणसाचे बल्गेरियात दही, चीज, टोमॅटो-काकडीची शोप्स्का कोशिंबीर आणि चीज घातलेली बानित्सा यांवर चांगले भागते. आम्ही कुकरमध्ये वरण-भात लावत होतो. गाडी रोज वेळेवर आली. सोफिया ते प्लोवदिव साधारण 145 किलोमीटरचा रस्ता चांगला आहे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

परतल्यानंतरच्या सेवेला मात्र मी उत्तीर्ण म्हणू शकत नाही. दर पंधरवड्याला मुलाचा फोटो आणि चार ओळी पाठवण्याचे संस्थेने कबूल केले होते. चार महिन्यांत दोनदाच आले. मार्चच्या पहिल्या तारखेला बल्गेरियात मनगटावर लाल-पांढऱ्या धाग्याची 'मार्तेनित्सा' बांधतात आणि पहिले फुललेले झाड दिसले की ती त्या झाडाला बांधून येतात. केंद्रातल्या काळजीवाहू बाईंनी आम्हा तिघांनाही ती बांधली होती. एप्रिलमध्ये नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमधील चेरी फुलल्यावर आम्ही आमच्या दोन्ही तिथे बांधल्या आणि फोटो पाठवला. त्याच्या उत्तरात आलेला मुलाचा फोटो आमच्या फ्रीजवर आहे. मनगट मोकळे आहे, मागे कसले तरी पांढऱ्या फुलांचे झाड आहे. त्यानंतर संस्थेकडून जुलैपर्यंत काहीही आले नाही, आणि तीन वेळा विचारल्यावर "सगळे ठीक आहे" एवढेच उत्तर मिळाले.

ही सेवा घ्यावी का, असे मला कोणी विचारले तर मी घ्या म्हणेन, पण आधी तीन गोष्टी लेखी मागा: त्या देशाच्या सुट्ट्या पाहून आखलेले वेळापत्रक, सहा महिन्यांच्या आतली वैद्यकीय नोंद, आणि दोन भेटींच्या मधल्या काळात मुलाची खबर देणाऱ्या माणसाचे नाव. आम्ही दुसऱ्या प्रवासासाठी आणखी एक अट घातली आहे, की दुभाषी त्याच बाई हव्यात. दुभाषी उपलब्धतेनुसार दिला जातो, असे संस्थेचे उत्तर आले. मी त्यांना परत लिहिले आहे की त्या बाई ज्या आठवड्यात मोकळ्या असतील, त्या आठवड्याची तिकिटे आम्ही काढू.