अर्धा मोर आणि ३२ केबी : एडब्ल्यूएस डीएमएस वापरल्यानंतरचा अनुभव

एडब्ल्यूएस डीएमएस ही एका डेटाबेसमधला डेटा दुसऱ्यात नेणारी ॲमेझॉनची सेवा. त्यातला टास्क (डेटा नेण्याचं एक काम) कसा तयार करतात, फुल लोड (सगळा डेटा एकदा नेणं) आणि सीडीसी (नंतरचे बदल नेत राहणं) कसे चालतात, यात मी खोलात जात नाही. सात-आठ महिने रोज वापरल्यावर मला फक्त टास्क सेटिंगबद्दल लिहायचंय, त्यातही जास्त करून लॉब मॅक्स साइझबद्दल, म्हणजे चित्रासारखा मोठा डेटा (लॉब) किती मापापर्यंत न्यायचा त्या आकड्याबद्दल. त्या एका आकड्यानं आमचा जेवढा जीव खाल्ला, तेवढा बाकी सगळ्या गोष्टींनी मिळून खाल्ला नसेल.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे. ऑफिसातल्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ८.० चालतं. सूत, डाइंग, मागावरचं उत्पादन, पॅकिंग, ऑर्डरी आणि सगळी डिझाइन लायब्ररी त्यातच आहे. मुंबईच्या सेल्स ऑफिसला हा डेटा ताजा लागतो आणि त्यांचे रिपोर्ट क्लाउडमधल्या पोस्टग्रेसवर आहेत. दोन्हीकडचे डेटाबेस वेगळे, म्हणून डीएमएस. जोडणी एका एजन्सीनं करून दिली. तिचं नाव लिहीत नाही.

पहिला महिना बरा गेला. मग मुंबईहून मॅडमचा फोन आला, "अहो, मोर अर्धाच दिसतोय. खाली सगळं राखाडी आहे." मोराची चादर म्हणजे सोलापूरची ओळख, आणि खरेदीदार समोर बसलेला. मी इथल्या स्क्रीनवर तेच डिझाइन उघडलं तर पिसाऱ्यासकट अख्खा मोर. तिकडं मान आणि तुरा ठीक, पिसारा सुरू होतो तिथंच चित्र तुटलेलं. काही डिझाइनं मात्र तिकडंही पूर्ण दिसत होती. साध्या पट्ट्यांची, चौकड्यांची. जेवढं नक्षीकाम दाट, तेवढं चित्र जास्त कापलेलं.

एजन्सीला कळवलं. आधी उत्तर आलं, "फाइल खराब असेल." मग, "तुमच्याकडचं इंटरनेट." शेवटी मोठ्या इन्स्टन्सचं (डीएमएस ज्या भाड्याच्या क्लाउड मशीनवर चालतं त्याचं) कोटेशन आलं, महिन्याचा खर्च दुपटीच्या आसपास. हे वाचून माझं डोकंच फिरलं. सीपीयूचा आलेख दिवसभर जमिनीला चिकटलेला, मेमरी मोकळी, आणि इलाज काय तर मशीन मोठं घ्या! मालकांपुढं तो कागद ठेवायलाही मन तयार होईना. इथं सुताच्या भावात किलोमागं दोन-चार रुपये हलले तरी दिवसभर चर्चा चालते.

शेवटी टास्कचं सेटिंग, म्हणजे तो लांबलचक जेसन, स्वतः ओळ न् ओळ वाचला. त्यात लिमिटेड लॉब मोड चालू होता आणि लॉब मॅक्स साइझ ३२. एकक केबी. हा कन्सोलचा डीफॉल्ट आहे आणि एजन्सीनं त्याला हातच लावला नव्हता. या मोडमध्ये ठरलेल्या मापापेक्षा मोठा ब्लॉब (चित्रासारखा डेटा) किंवा टेक्स्ट आला की डीएमएस तो तिथं कापतं, लॉगमध्ये इशारा लिहितं आणि पुढं जातं. टास्क हिरवाच राहतो. आमच्याकडं लॉगिंगही बंद ठेवलेलं, मग इशारा वाचणार कोण? डिझाइनची चित्रं मीडियमब्लॉब प्रकारच्या कॉलममध्ये आहेत. त्या कॉलमला मायएसक्यूएल १६ एमबीपर्यंत जागा देतं. साध्या पट्ट्यांचं जेपेग ३२ केबीच्या आत बसतं, मोराचं बसत नाही. बस, एवढंच होतं ते.

मापही अंदाजानं टाकायचं नाही. सोर्सवर, म्हणजे ऑफिसातल्या मायएसक्यूएलवर, त्या कॉलमची लेंग्थ काढायची, तिचा मॅक्स घ्यायचा, १०२४ नं भागायचं आणि वर थोडी मोकळीक ठेवायची. आमचं सर्वांत मोठं चित्र एक एमबीच्या आत निघालं, म्हणून १०२४ ठेवलं.

पण इथंच दुसरी अडचण येते आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. लिमिटेड मोड मेमरी आधीच अडवून ठेवतो. फुल लोडचा कमिट रेट, म्हणजे एका खेपेत किती ओळी न्यायच्या तो आकडा, डीफॉल्ट १०,००० ओळींचा असतो. एक एमबीच्या हिशेबानं एकाच लॉब कॉलमला जवळजवळ १० जीबी लागतील, आणि आमच्या टी३ मीडियम इन्स्टन्सला एकूण मेमरी ४ जीबी. कमिट रेट ५०० वर आणला की तीच गरज अर्ध्या जीबीच्या आसपास येते. हे दोन आकडे कायम जोडीनंच बदलावेत. नुसतं माप वाढवलं तर मेमरी संपेल आणि मोठ्या इन्स्टन्सचं ते कोटेशन पुन्हा टेबलावर येईल.

फुल लॉब मोड का नाही घेतला? त्यात कापाकापी होत नाही हे खरं, पण आधी लॉबशिवाय ओळ जाते आणि मग लॉब वेगळा शोधून भरला जातो. व्हीपीएनवरून प्रत्येक चित्रासाठी पुन्हा सोर्सकडं फेरी. आमच्या लाइनवर ते झेपण्यासारखं नव्हतं.

सेटिंग बदलायला टास्क थांबवावा लागतो. बदल करून रिझ्यूम केला की सीडीसी जिथं थांबलं तिथून पुढं चालतं. मात्र आधी कापून गेलेल्या ओळी आपोआप दुरुस्त होत नाहीत. चालू टास्कमध्ये तेवढं एकच टेबल निवडून रीलोड करता येतं. आम्ही डिझाइनचं टेबल रीलोड केलं आणि संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला, "मोर पूर्ण आला." इन्स्टन्स तोच, बिल तेच.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं तेव्हा माझं मत होतं की डीएमएस कामाचं आहे, पण त्याचे डीफॉल्ट धोक्याचे आहेत. पुढच्या दोन महिन्यांत हे मत बरंच बदललं, ते बॅच अप्लायमुळं.

पाळी बदलताना मागांच्या नोंदी एकदम पडतात आणि मुंबईचा रिपोर्ट मागं राहायचा. क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनच्या आलेख दाखवणाऱ्या साधनात) सीडीसी लेटन्सी सोर्स (इथून वाचताना होणारा उशीर) कमी आणि सीडीसी लेटन्सी टार्गेट (तिकडं लिहिताना होणारा उशीर) चढलेली दिसली. म्हणजे इथून डेटा वेळेत निघतोय, तुंबतोय तो तिकडं लिहिताना. बॅच अप्लाय एनेबल्ड डीफॉल्टनं बंद असतं, म्हणून बदल एकामागून एक लागू होतात. ते चालू केल्यावर बदल गोळा होऊन गठ्ठ्यानं लागतात. या गठ्ठ्याचा वेळ डीफॉल्टनं किमान १ आणि कमाल ३० सेकंद आहे, तो आम्ही तसाच ठेवला. पाळी बदलल्यावर चहा होईपर्यंत रिपोर्ट जुळू लागला. हे मात्र मनापासून आवडलं. एका सेटिंगनं, एक पैसा न वाढवता, एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी आधी पाहून घ्या : बॅच अप्लायमध्ये लॉब फक्त लिमिटेड मोडमध्येच चालतात, आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) नसलेली टेबलं त्रास देतात. आमच्याकडं तशी जुनी टेबलं होती, त्यांना की लावून घेतली.

सोर्सकडचं एक सेटिंगही तपासा. मायएसक्यूएल ८.० बिनलॉग (बदलांची नोंद, जी वाचून सीडीसी चालतं) डीफॉल्टनं ३० दिवस ठेवतं. डिस्क वाचवायची म्हणून एजन्सीनं तो एक दिवसावर आणला होता. पावसात लाइन दोन दिवस बंद पडली, हवा असलेला बिनलॉग पुसला गेला आणि सगळं फुल लोड पुन्हा करावं लागलं. आता सात दिवस ठेवलाय. डिस्क त्या मानानं स्वस्त पडते.

एजन्सीचा करार आम्ही पुढं चालवला नाही. डीएमएस ठेवलंय.

एक तक्रार शिल्लक आहे, पैशाची. रेप्लिकेशन इन्स्टन्सचं भाडं तासावर आहे आणि टास्क थांबवला तरी ते चालूच राहतं. कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशीही मीटर पडतंच. ते थांबवायचं तर इन्स्टन्सच काढून टाकावा लागतो, आणि एका सुट्टीसाठी तेवढा खटाटोप परवडत नाही. सर्व्हरलेस प्रकारात क्षमता लोडप्रमाणं कमी-जास्त होते आणि तिथला एक डीसीयू (क्षमता मोजायचं एकक) म्हणजे २ जीबी मेमरी. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असेल तेव्हा एक छोटा जॉब त्यावर टाकून पाहणार आहे. दोन्ही बिलं शेजारी ठेवून जे दिसेल ते इथंच खाली जोडेन.