चिरेखाणीतल्या अपघाताची केस, रत्नागिरी कोर्टाजवळच्या वकीलबाईंचा अनुभव

माझा धाकटा भाऊ लांज्याकडे चिरेखाणीत कामाला होता, ट्रक भरताना चिऱ्यांची थप्पी पायावर आली नि घोटा मोडला. खाणमालकाने सुरुवातीला ठरल्याप्रमाणे दर पंधरवड्याला 3750 रुपये दिले (तेव्हाच्या कायद्याने महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, आणि पगार कितीही असला तरी हिशोबाला 15,000 च्या वर धरत नव्हते) आणि मग एक दिवस बंदच केले. मालकाच्या डॉक्टरने लिहून दिलं म्हणे की कामावर यायला हरकत नाही. वर स्टँप पेपरवर सही पण घेतलेली, यापुढे काही मागणार नाही अशी.

आम्ही तर तो कागद बघूनच खचलेलो, पण वकील मॅडमनी वाचला, बाजूला ठेवला आणि सांगितलं की कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात (तेव्हा तोच लागू होता) कलम 17 आहे, असा हक्क सोडल्याचा कागद चालतच नाही. आणि हप्ता कमी करायचा किंवा बंद करायचा तर मालकाने डॉक्टरच्या दाखल्यासकट कामगार भरपाईच्या कमिशनरकडे अर्ज करायचा असतो, परस्पर त्याने ठरवायचं नाही. तिथूनच आम्हाला धीर आला. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, मालक स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडे तपासायला पाठवत असेल तर नाही म्हणू नका, नाहीतर भरपाई अडकते.

ऑफिस पहिल्या मजल्यावर आणि जिना उभा, कुबडी घेऊन चढणं शक्यच नव्हतं. मॅडम स्वतः खाली झेरॉक्सच्या दुकानात आल्या, भावाला खुर्ची दिली आणि तिथेच काउंटरवर वकीलपत्र भरून घेतलं, "दादा, घाई नको, आधी वाचा मग सही करा" म्हणाल्या. इतक्या वर्षांत एवढ्या आदराने कोणी बोललं नव्हतं त्याच्याशी. एक्सरे, सिव्हिल हॉस्पिटलचे पेपर, मुकादमाच्या हजेरीवहीचे फोटो, जीपेवर आलेल्या पगाराच्या नोंदी, सगळं तारखेनुसार लावून घेतलं.

वेळ लागला, तारखा पडत राहिल्या, ते खरंय. पण हप्ते परत चालू झाले, थकलेले 12 टक्के व्याजासकट मिळाले. मालक हायकोर्टाची भीती घालत होता, तर मॅडम म्हणाल्या जाऊ दे की, 60 दिवस आहेत त्याला, पण भरपाईची रक्कम आधी भरल्याशिवाय त्याचं अपील घेत नाहीत. गेलाच नाही तो. ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्याची अपिलं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, मुंबई गाठायला नको, हेही तिथेच कळलं.

फी आधी सांगितली तेवढीच घेतली, टायपिंगचे वेगळे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1923 च्या कायद्याच्या जागी नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, कलमं बदललीत, तेव्हा आमच्या केसवरून अंदाज बांधू नका, विचारून घ्या. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो जिन्यासाठी. दिवसभर कोर्टात असतात, फोन संध्याकाळी करा.