वागळे इस्टेटमधलं एचटीटी-४० : शेपटीला पैकीच्या पैकी मार्क

ठाण्यात वागळे इस्टेटला, रोड नंबर १६ च्या आतल्या एका गाळ्यात दोन तरुण थ्रीडी प्रिंटरवर विमानांची मॉडेल्स करून देतात. त्यांच्याकडून हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या एचटीटी-४० ट्रेनरचं, म्हणजे वैमानिकांच्या प्रशिक्षण विमानाचं, १:४८ मापाचं मॉडेल घेतलं. पंखांचा पसारा वीतभर, रंगकाम हाताचं, चाकांवर उभं. मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो, डुंडीगलच्या वायुसेना अकादमीत दीपक ही जुनी ट्रेनर विमानं सांभाळली. त्यामुळे रंगाआधी नजर आकारावर गेली.

शेपूट बरोबर आहे! ट्रेनरमध्ये शिष्याला मुद्दाम स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत कोसळण्याच्या अवस्थेत, नेऊन बाहेर काढायला शिकवतात, आणि तिथे सगळी भिस्त शेपटीवर. हे विमान ३१ मे २०१६ ला बंगळुरूत पहिल्यांदा उडालं, पण स्पिनच्या चाचण्यांनी वर्षानुवर्षं अडवून धरलं. उभी शेपटी आणि रडर (तिचा मागचा हलता भाग) बदलल्यावर ते सहा-सहा गिरक्यांतून सुटायला लागलं. सुरुवातीच्या प्रोटोटाइपचे फोटो पाहून काम उरकलं असतं तर जुनी शेपटी आली असती. या मुलांनी नवी केली आहे.

कॉकपिटही मन लावून केलंय. मागची सीट नीट उंच आहे. उतरताना शिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसायलाच हवी. आमच्या दीपकमध्ये दोघं शेजारी बसत, इंजिन पिस्टनचं, आणि इजेक्शन सीट नाही. १७ अपघात झाले, १९ वैमानिक गेले, तेव्हा कुठे २००९ मध्ये ती विमानं जमिनीवर बसवली. दीपकवर टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारं इंजिन) बसवलेलं एचटीटी-३४ तर १९८४ मध्येच उडालं होतं. ते सेवेत आलं नाही याची खंत मला आजही आहे. म्हणून या मॉडेलच्या दोन्ही सीटांवर इजेक्शनचं पिवळं-काळं हँडल रंगवलेलं दिसलं, तेव्हा भिंग घेऊन बराच वेळ तेच पाहत बसलो. खऱ्या विमानातल्या मार्टिन-बेकर सीटा विमान जमिनीवर उभं असतानाही वैमानिकाला बाहेर फेकून वाचवू शकतात.

चूक आहे ती प्रोपेलरची. पाती फेदर केलेली, म्हणजे कड वाऱ्याकडे वळवलेली बसवली आहेत. वायुसेनेच्याच पिलाटस पीसी-७ ट्रेनरला ते शोभतं : त्याचं पीटी-६ इंजिन बंद झालं, तेलाचा दाब उतरला की पाती आपसूक तशी वळतात. एचटीटी-४० ला टीपीई-३३१ इंजिन आहे. त्यात प्रोपेलर गिअरमधून थेट मुख्य शाफ्टला जोडलेला, म्हणजे स्टार्टरला इंजिनासोबत तोही फिरवावा लागतो. हवेचा अडथळा कमी राहावा म्हणून बंद करतानाच पाती सपाट लॉक करतात. मी हे गाळ्यात दाखवलं, तर धाकट्याने "काका, थांबा" म्हणत वही काढली आणि पात्यांचा कोन माझ्याकडून काढून घेतला. अशा मुलांना काम मिळालं पाहिजे.

पुढच्या चाकाचा पाय मात्र फार बारीक आहे, कुरिअरने मागवू नका, स्वतः जाऊन आणा. किंमत साडेतीन हजार, मला रास्त वाटली. मार्च २०२३ मध्ये वायुसेनेसाठी ७० एचटीटी-४० विमानांचा करार झाला, नाशिकलाही ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बनवायची दुसरी लाइन सुरू झाली. तिकडे कामाला लागलेलं कुणी घरात असेल तर भेट म्हणून याहून चांगलं काही सुचत नाही. फक्त ऑर्डर देताना प्रोपेलर न चिकटवता द्यायला सांगा, पाती घरी सपाट बसवता येतील.