ताबा घेताना आणि सोडताना घराची पाहणी: वर्षभर वापरून पाहिल्यावर

निकाल आधीच सांगतो. भाड्याचं घर घेताना आणि सोडताना लेखी पाहणी कराच, पण त्यातही घर सोडायच्या दोन आठवडे आधीची फेरी कुणीही चुकवू नये. वर्षभर हे सगळं नेमाने करून पाहिल्यावर डिपॉझिटवरून होणारी हुज्जत सगळ्यात जास्त कमी झाली ती त्या फेरीमुळे.

मी स्वतः पुण्यात बाणेरला भाड्याने राहतो. भावाचा वाकडमधला टू बीएचके आणि सासूबाईंचा कोथरूडमधला जुना फ्लॅट भाड्याने द्यायचं कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे पुढे लिहितोय ते मालक आणि भाडेकरू या दोन्ही नात्यांनी अनुभवलेलं आहे.

आपल्याकडे कागदपत्र आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. खर्चही फार नाही. २५,००० भाडं, १ लाख डिपॉझिट आणि ११ महिने असा करार असेल तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क साधारण ७०० रुपये होतं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या काम होतं. पण त्याच ॲग्रीमेंटच्या शेवटची सामानाची यादी काढून बघा. पंखे ४, ट्यूब ५, गिझर १. संख्या आहे, अवस्था नाही. पंखा आवाज करतो का, गिझरच्या खालून गंजाचा ओघळ आलाय का, यातलं काही तिथे सापडत नाही. आणि भांडणं होतात ती नेमकी यावरूनच.

सुरुवातीला एक परदेशी ॲप वापरलं. दिसायला देखणं, पण त्यात कार्पेट आणि फायरप्लेसचे रकाने; ओटा, लॉफ्ट, ड्राय बाल्कनी कुठेच नाही. रिपोर्ट इंग्रजीत आणि इतका लांबलचक की सासूबाईंनी चष्मा काढून बाजूलाच ठेवला. काही आठवड्यांत ते सोडून दिलं. आता खोलीगणिक एक पान अशी मराठी यादी, फोनचा कॅमेरा आणि ड्राइव्हवरचं एक फोल्डर, जे दोघांनाही उघडता येतं. एवढं पुरतं. फोटो व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नका. त्यात फोटो कॉम्प्रेस होतो आणि तारीख-वेळेची मूळ नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती राहते.

फोटो कसा काढायचा, हे मात्र शिकण्यासारखं आहे. प्रत्येक दोषाचे दोन फोटो हवेत: एक लांबून, जागा ओळखू येईल असा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सिंकच्या कोपऱ्यातून ग्रॅनाइटच्या ओट्यावर केसासारखी बारीक भेग गेलीय. घर सोडताना भाडेकरू वहिनी म्हणाल्या, "ही आधीपासूनच होती हो." सासूबाईंना खात्री होती की नव्हती. फोल्डर उघडलं. ताबा देतानाच्या फोटोत भेग होती, शेजारी निळं पेन होतं आणि भेगेचं टोक पेनाच्या टोपणापर्यंत येऊन थांबलेलं. तेच पेन आता पुन्हा तिथे ठेवून पाहिलं, भेग तेवढीच. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग यांचा एक पैसाही कापू नकोस." दोन मिनिटांत विषय संपला, आणि जाताना वहिनी त्यांच्या पाया पडून गेल्या.

भिंतींसाठी एक युक्ती. टॉर्च समोरून मारला तर भिंत छान गुळगुळीत दिसते. तोच भिंतीला टेकवून आडवा धरला की फुगलेल्या रंगाची सावली पडते आणि ओल कुठपर्यंत चढलीय ते कळतं. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत अशी बघितल्याशिवाय सही करू नका. पलंग किंवा कपाट बहुधा तिथेच लावलेलं असतं. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे येतं, हेही बघा. सिंकखालची ट्रॉली बाहेर ओढून पाइपाच्या जोडाला कोरडा हात लावा. विजेचं आणि गॅसचं मीटर रीडिंग फोटोत घ्या. बाणेर-वाकडकडे टँकर-बोअरचं पाणी येत असेल तर नळांवर आणि गिझरमध्ये क्षार चढतात. तेही पहिल्या दिवशीच टिपून ठेवावं, नाहीतर वर्षाने ते भाडेकरूच्या नावावर जातं.

पुण्यात यात एक मोठी अडचण आहे, पाऊस. मे महिन्यात ताबा घेतला तर सगळ्या भिंती कोरड्या ठणठणीत. वाकडच्या फ्लॅटचं असंच झालं. जुलैत भाडेकरू मुलाचा फोन आला, "दादा, खिडकीखालची भिंत ओली लागतेय." जाऊन पाहिलं तर स्लायडिंग खिडकीच्या चॅनेलमधली पाणी बाहेर जायची भोकं मातीने बुजली होती आणि पाणी आत उतरत होतं. खर्च मालकाच्या बाजूने झाला आणि तेच बरोबर होतं. तेव्हापासून यादीत एक ओळ घातलीय: पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ दिवसांत भाडेकरूने कळवलेली गळती आणि ओल मूळ नोंदीचाच भाग समजली जाईल. ही ओळ वाचून भाडेकरूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता त्या आधीच्या फेरीबद्दल. कल्पना भावाची. तो कॅलिफोर्नियात भाड्याने राहतो. तिथल्या कायद्यात घर सोडण्याआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत भाडेकरू प्राथमिक पाहणी मागू शकतो. कशाकशाचे पैसे कापले जातील ते मालक लिहून देतो आणि भाडेकरूला ते स्वतः दुरुस्त करून घ्यायची संधी मिळते. नंतर डिपॉझिटचा हिशेब २१ दिवसांत द्यावा लागतो, आणि २०२५ पासून मालकाने फोटो काढणंही तिथे बंधनकारक झालंय. आपल्याकडे ही सक्ती नाही, पण दोघांनी ठरवलं तर कोण अडवतंय? मच्छरजाळी फाटली असेल तर ओळखीचा माणूस येऊन थोडक्यात बसवून देतो. तीच शेवटच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना दिसली की मालक अंदाजाने आकडा सांगतो आणि तो कधीच कमी नसतो.

रंगाचा वाद मात्र या पद्धतीनेही पूर्ण मिटत नाही. अकरा महिने राहिलं की एका महिन्याचं भाडं रंगाला कापायचं, असं कित्येक मालक गृहीतच धरतात. मला हे पटत नाही. रोजच्या वावराने रंग मळणं आणि भिंतीत खिळे ठोकून पोपडे काढणं यांत फरक आहे, आणि तो हिशेबात दिसायलाच हवा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली वाटणी मी नमुना म्हणून वापरतो. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप आणि वायरिंग मालकाकडे; नळ, गिझर, स्विच, कुलपं, जाळ्या आणि काचा यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो, म्हणून ही वाटणी करारात लिहून घेतली तरच तिचा उपयोग.

उणिवाही सांगतो. वेळ लागतो, टू बीएचकेला एक सकाळ सहज जाते. एजंट मंडळींना हे आवडत नाही आणि "साहेब, आमच्याकडे असं कुणी करत नाही" हे वाक्य ऐकावं लागतं. मालक हजर नसेल तर पाहणी लंगडी पडते, कारण एकट्याने काढलेल्या फोटोंवर दुसरा विश्वास ठेवत नाही. अशा वेळी व्हिडिओ कॉल चालू ठेवून मालकाला खोल्या दाखवाव्यात आणि यादीवर त्याचा होकार लेखी घ्यावा.

चाव्या परत देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुदत संपूनही ताबा न दिल्यास १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, त्यामुळे हा चिटोरा भाडेकरूने जपून ठेवावा. पुढच्या महिन्यात माझ्या बाणेरच्या घराचं ॲग्रीमेंट नव्याने होतंय. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि आधीची फेरी कधी, ही दोन कलमं घालायला मालकिणबाईंनी फोनवर होकार दिलाय. मसुदा आला की तपासून सही करणार आहे.