फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर हवा गळतेय: थांबायचं, दुर्बिणीतून बुजवायचं, की पुन्हा छाती उघडायची?

मामांच्या छातीतून निघालेली नळी ज्यात बुडवली होती, ती पाण्याची बाटली पलंगाखाली अठरा दिवस होती. मामा खोकले की पाण्यात बुडबुडे उठायचे आणि मामी ते मोजत बसायची. खान्देशातून अशा ऑपरेशनला माणूस बहुधा नाशिक-मुंबईला जातो; परक्या गावात घरच्यांना घाईत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागतं. म्हणून डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: हवा फुफ्फुसाच्या पृष्ठभागातून गळतेय, की कापून शिवलेल्या श्वासनलिकेच्या टोकातून?

पृष्ठभागातून असेल तर घाई नको. पाच दिवसांवर गेली की ती लांबलेली गळती म्हणतात, तरी बहुतेक वेळा नळी ठेवली की आपोआप भरते. थांबायचंच असेल, तर बाटलीऐवजी नळीला एकेरी झडप (हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही) लावून घरी पाठवता येतं. पेशंटचंच ५० ते १०० मिली रक्त नळीतून आत सोडण्याचा उपाय स्वस्त आहे, भूल लागत नाही; ताप किंवा जंतुसंसर्गाचा धोका मात्र राहतो. श्वासनलिकेत दुर्बिणीतून बसवायची झडप महाग, आणि काही आठवड्यांनी काढावी लागते.

टोक उसवलं असेल तर नुसतं थांबणं धोक्याचं. अख्खं फुफ्फुस काढल्यावर, त्यातही उजवं, हे जास्त घडतं. अचानक भरपूर पातळ लालसर बेडका, ताप, धाप दिसली की ऑपरेशनची बाजू खाली करून झोपवा, म्हणजे त्या बाजूच्या छातीतलं पाणी चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही, आणि लगेच दवाखाना गाठा. भोक काही मिलीमीटरचं असेल आणि पू नसेल तर दुर्बिणीतून गोंद भरून पाहतात. मोठं असेल, ऑपरेशनला थोडेच दिवस झाले असतील आणि पेशंटला झेपणार असेल, तर मला पुन्हा ऑपरेशनच बरं वाटतं: टोक नव्याने शिवून त्यावर स्नायूचं किंवा पोटातल्या चरबीच्या पडद्याचं झाकण.

पू झाला असेल तर आधी तो बाहेर काढायला हवा. माणूस खंगलेला असेल तर बरगड्या कापून छातीला खिडकी ठेवतात आणि महिनोन्‌महिने रोज ड्रेसिंग. ऐकून पोटात गोळा येतो, पण याला हार समजू नका. क्लॅगेट आणि जेरासी या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पोकळी स्वच्छ झाल्यावर अँटिबायोटिकचं पाणी भरून खिडकी बंद करतात. श्वासनलिकेचं भोक उघडं असेल तर आधी ते स्नायूने झाकावं लागतं. तोवर डाळ, अंडी, दूध पोटात जायलाच हवं आणि साखर ताब्यात हवी.

अँब्युलन्सने न्यायचं ठरलं तर बाटली छातीच्या खाली आणि उभी धरा. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावू देऊ नका. हवा आत कोंडली तर वाटेतच जीव जाऊ शकतो.