जुना एअरस्ट्रीम: पत्रा भक्कम, परीक्षा तळाची

जुन्या प्रवासी ट्रेलरांचा, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरांचा, विषय निघाला की एअरस्ट्रीमचे नाव हमखास पुढे येते, आणि त्याचा चकाकता ॲल्युमिनियमचा पत्रा पाहूनच अनेकांचा निर्णय होऊन जातो. बांधणीच्या बाबतीत हा ट्रेलर खरोखरच उजवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचा मोठा दोष आतल्या तळाशी दडलेला असतो आणि वरचा पत्रा त्याची दाद लागू देत नाही.

या बांधणीचे मूळ विमानांच्या कारखान्यात आहे. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये ज्या विमानातून अटलांटिक महासागर ओलांडला, त्याच्या उभारणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर तयार केला. त्याचे दार पुढच्या टोकाला, मोटारीला जोडण्याच्या दांड्याच्या वर होते आणि तेथून आत-बाहेर करणे अडचणीचे होई. एअरस्ट्रीमचे संस्थापक वॉली बायम यांनी तीच रचना उचलून दार बाजूला आणले आणि १९३६ मध्ये एअरस्ट्रीमचा ‘क्लिपर’ विक्रीस काढला. चार जणांना झोपण्याची सोय, पाण्याची स्वतंत्र व्यवस्था आणि विजेचे दिवे असलेल्या या ट्रेलरची किंमत १,२०० डॉलर होती. मंदीच्या त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळल्याने उत्पादन थांबले. पुढे १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना ज्या फिरत्या कक्षात विलग ठेवले गेले, तो एअरस्ट्रीममध्येच फेरबदल करून बनवलेला होता.

भिंतीची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आत वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या फासळ्या, त्यांच्यावर बाहेरचा पत्रा, आतून दुसरा पत्रा आणि मधल्या पोकळीत उष्णतारोधक थर. बाहेरच्या पत्र्याचे रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या धातूच्या मेखा, ठोकायला दोन माणसे लागतात: एक बाहेरून यंत्राने ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. असे ओळीने ठोकलेले रिव्हेट पत्र्याला नुसते आवरण राहू देत नाहीत. भार पत्राच पेलतो. जुन्या काळातील अनेक स्वस्त ट्रेलर, उदाहरणार्थ मागे शोभेचे पंख लावलेले शास्ता कंपनीचे ट्रेलर, लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा चढवून बनवलेले असत. ते दिसायला मोहक असतात, पण खिडकीच्या कडेतून पाणी झिरपले की सांगाडा आतल्या आत कुजत जातो आणि भिंत उघडेपर्यंत कळत नाही. अमेरिकेतील टल्सा येथील स्पार्टन ही विमाने बनवणारी कंपनी युद्धानंतर ट्रेलरकडे वळली; तिचे धातूचे ट्रेलर एअरस्ट्रीमच्या तोडीचे आहेत, मात्र ते बरेच जड असतात.

आता दोषाकडे वळू. एअरस्ट्रीमचा तळ प्लायवूडचा असतो आणि तो वरचे कवच व खालची पोलादी चासी (चाकांवरचा सांगाडा) यांच्यामध्ये दाबून बसवलेला असतो. मागच्या टोकाला पाणी शिरले की त्या प्लायवूडची कड भुसभुशीत होते, बोल्टची पकड सुटते आणि कवच चासीपासून वेगळे होऊ लागते. १९७० च्या दशकातील लांब ट्रेलरांमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. तपासणी सोपी आहे. मागच्या बंपरवर एखाद्याने उभे राहून वजन टाकावे आणि दुसऱ्याने बंपर व पत्रा यांमधील फट पाहावी. कवच जागेवर राहून बंपर एकटाच खाली जात असेल, तर जोड सुटलेला आहे. नंतर आतील कपाटांच्या कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवावे. चांगल्या प्लायवूडमध्ये ते सहज रुतत नाही.

पत्र्याची चकाकी विक्रेते आवर्जून दाखवतात, परंतु तिला जास्त महत्त्व देऊ नये. मूळ मिश्रधातूवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि जोरात घासकाम केले की तो निघून जातो. तेव्हा मळकट पण न घासलेला पत्रा मी केव्हाही पसंत करीन. १९६० च्या दशकापासूनच्या ट्रेलरांत ॲक्सलमध्ये (चाके जोडणाऱ्या आसात) रबराचे दांडे असतात. ते वयोमानाने कडक होतात आणि ट्रेलर चाकांवर खाली बसल्यासारखा दिसतो. ॲक्सल नवा बसवता येतो, त्यामुळे तेवढ्यावरून चांगला ट्रेलर नाकारण्याचे कारण नाही. तळ कुजलेला असेल तर मात्र आतील सर्व सामान काढून कवच उचलावे लागते, आणि तो खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय सौदा करू नये.